पळस पेटलाय, पेटी मात्र उपाशी: शिमग्याच्या सुमारास सातेरी पळते तेव्हा काय तपासायचं

सातेरी म्हणजे पेटीत पाळली जाणारी आपली देशी मधमाशी. चारा, म्हणजे फुलांतला मकरंद आणि पराग, तुटला की तिची सगळी वसाहत पेटी सोडून जाते. नाशिक भागात हा बिघाड जवळपास ठरलेल्या वेळी येतो. आंब्याचा मोहोर संपला की सुरू होतो आणि कडुनिंब-करंज फुलेपर्यंत टिकतो. ढोबळ हिशेबाने फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा ते गुढीपाडवा. त्याच दिवसांत डोंगर पळस-पांगाऱ्याने लाल झालेले असतात, त्यामुळे चारा नाही हे कुणाच्या मनातच येत नाही. मग दोष पेटीला, राणीला, नाहीतर ज्याच्याकडून वसाहत आणली त्याला दिला जातो.

लक्षणं

पुढची लक्षणं साधारण याच क्रमाने दिसतात.

पायाला परागाचे गोळे घेऊन येणाऱ्या माश्या कमी होतात. सकाळी दहानंतर दारावरची ये-जा मंदावते. मागून उचलून पाहिली तर पेटी हलकी लागते. एरवी शांत असलेल्या माश्या झाकण उघडताच अंगावर येतात. पोळ्याच्या घरांत अंडी कमी दिसतात, आणि आहेत त्या अळ्यांभोवती पांढरट पातळ खाद्य दिसत नाही, त्या कोरड्या पडलेल्या असतात. शेवटी एखाद्या दुपारी सगळी वसाहत उडून जाते. मागे पोळं उरतं, त्यात मध नाही, पिल्लं नाहीत, तळपाटावर मेलेल्या माश्यांचा सडाही नाही.

ही शेवटची खूण नीट लक्षात ठेवा, कारण याच दिवसांत दिसणारे आणखी तीन प्रकार वेगळे आहेत. अर्ध्या माश्या गेल्या, अर्ध्या राहिल्या आणि पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्यासारखी लोंबती राणीघरं दिसली, तर वसाहत फुटली आहे, म्हणजे एकीच्या दोन झाल्या आहेत. ते भरभराटीचं लक्षण आहे. दारासमोर जीभ बाहेर आलेल्या, गरगर फिरणाऱ्या माश्यांचा ढीग असेल तर विषबाधा. घरांत मेलेल्या, रंग बदललेल्या अळ्या असतील तर रोग. या लेखातले उपाय यांपैकी कशालाच लागू नाहीत.

सातेरीचा स्वभावही ध्यानात घ्या. चारा तुटला की सातेरी पळते, मेलिफेरा मरते. युरोपातून आलेली मेलिफेरा माशी त्याच पेटीत उपाशी संपेल. सातेरी मात्र आधी राणीची अंडी थांबवते, असलेली पिल्लं बाहेर पडू देते, उरलेला मध पोटात भरते आणि निघते. अंड्यापासून माशी बाहेर यायला सुमारे तीन आठवडे लागतात. म्हणजे अंडी थांबल्याचं वेळेत दिसलं तर तुमच्या हातात तेवढे दिवस असतात.

हिरवं म्हणजे चारा नव्हे

पुढच्या सगळ्या तपासण्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत, म्हणून इथे थोडं थांबू.

निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडचं शिवार फेब्रुवारीत गर्द हिरवं असतं. त्यात माशीला काय आहे? द्राक्ष ऑक्टोबर छाटणीनंतर फुलून गेलेलं, आता घड तयार; आणि फुलोऱ्यातही त्यातून मकरंद म्हणावा असा मिळत नाही. गव्हात मकरंद नाही. हरभरा आपल्याच परागावर घाटे धरतो, माशी त्याच्याकडे फारशी फिरकत नाही. बाजारासाठीचा कांदा फुलायच्या आत काढतात. टोमॅटोचं फूल फसवं. त्याचा पराग बंद नळीत असतो आणि टोकाच्या भोकातून बाहेर पडायला फूल पकडून जोरात थरथरावं लागतं. भुंगा ते करतो, मधमाशीला जमत नाही. वांग्याचं तेच, आणि उजाड बांधावर जांभळी फुलं मिरवणाऱ्या भुईरिंगणीचंही तेच. सहा पिकं, शेकडो एकर हिरवाई, आणि मधमाशीच्या ताटात जवळपास काही नाही.

आता डोंगराकडे. पळस आणि पांगारा ही मुख्यतः पक्ष्यांची फुलं. माशीला लाल हा वेगळा रंग म्हणून दिसत नाही, आणि पळसाचा मकरंद पाकळ्यांच्या घडीत खोल असतो. माशी तिथे जातच नाही असं नाही. पक्ष्यांनी आणि खारींनी उघडलेल्या फुलांवर ती दिसते. पण त्याच्या भरवशावर वसाहत चालत नाही. काटेसावरीचं वेगळं: तिच्या उघड्या वाटीत पुंकेसरांचा झुबका असतो, पराग भरपूर, माश्यांची सकाळी गर्दी. जवळ दोन-तीन मोठ्या काटेसावरी असतील तर या टंचाईचा निम्मा भार त्या उचलतात. धायटी लाल असूनही माशीच्या कामाची, कारण फूल लहान आणि रसाळ. त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याच्या उतारांवर ती थंडीपासून एप्रिलपर्यंत फुलते. जिथे वणवा लागतो तिथे मात्र त्या वर्षीचा फुलोरा गेलाच समजा.

पहिली तपासणी: दारापाशी दहा मिनिटं (खर्च शून्य)

सकाळी आठ ते दहाच्या मध्ये पेटीच्या बाजूला बसा, समोर नाही. आत शिरणाऱ्या ५० माश्या मोजा आणि त्यांतल्या किती पायाला गोळे घेऊन आल्या ते लिहा. १५ च्या वर असतील तर पिल्लं वाढताहेत, घाई नाही. पाचाच्या खाली असतील आणि सलग तीन सकाळी तसंच असेल तर चाऱ्याचा तुटवडा धरून चाला. हा प्रयोगशाळेचा आकडा नाही, कामचलाऊ मापटं आहे. पण पेटी न उघडता एवढं दुसरं काही कळत नाही.

पराग आधी का बघायचा? मकरंदाचा मध होऊन साठून राहतो, पण अळ्यांचं खाद्य परागातून बनतं. पराग थांबला की पिल्लं थांबतात, आणि पिल्लं थांबली की सातेरीचं सामान बांधून झालेलं असतं.

गोळ्यांचा रंगही टिपून ठेवा. आसपासच्या फुलांचे पुंकेसर पांढऱ्या कागदावर घासायचे आणि रंग जुळवायचा. माशी कुठे जाते याचा निम्मा उलगडा तिथेच होतो.

दुसरी: वजन

पेटीची मागची बाजू दोन बोटं उचलून बघा. दर रविवारी एकाच हाताने उचला, म्हणजे फरक हाताला कळतो. दोन आठवड्यांत ती झपाट्याने हलकी झाली असेल तर एक प्रश्न स्वतःला विचारा: मोहोर किंवा धन्याच्या फुलोऱ्यानंतर मध काढला का? या बिघाडात सर्वाधिक वेळा सापडणारी चूक हीच. फेब्रुवारीत चौकटी (पेटीतल्या, पोळं धरणाऱ्या लाकडी चौकटी) भरलेल्या दिसतात म्हणून मध काढला जातो, आणि महिनाभराच्या खंडासाठी माश्यांनी ठेवलेली शिदोरीच जाते. दोन चौकटींभर मध पेटीत राहिलाच पाहिजे.

तिसरी: पाणी, मुंग्या, ऊन

मार्चमध्ये पारा पस्तिशीकडे जातो. पेटीपासून पाच-दहा मीटरवर सावलीत उथळ ताट ठेवा, त्यात खडे, आणि पाणी खड्यांच्या माथ्याखाली. एक दिवसाआड बदला. ताट नसेल तर माशी फवारणीच्या टाकीवर जाते आणि तिथलं पाणी पिऊन मरते.

स्टँडच्या पायाखालच्या पाण्याच्या वाट्या या दिवसांत दुपारपर्यंत कोरड्या पडतात. मुंग्यांनी दोन रात्री त्रास दिला तरी अशक्त सातेरी निघून जाते. वाट्या संध्याकाळी भरा, पायाला टेकलेलं गवत कापा. दुपारचं ऊन थेट पेटीवर येत असेल तर वर पाचटाचा पेंढा टाका. वेडा राघू तारेवर बसून माश्या टिपताना दिसेल. त्याला दोष देऊ नका, सशक्त वसाहतीला त्याचा फरक पडत नाही.

चौथी: शिवारफेरी

यासाठी दोन तास लागतात, पैसे नाहीत, आणि लोक नेमकी हीच टाळतात.

सातेरी बहुतेक वेळा किलोमीटरभराच्या आतच चारा शोधते. पेटीपासून अर्धा किलोमीटरचा गोल धरा, त्यात जवळपास २०० एकर येतात. सकाळी आठ ते अकरामध्ये बांधाबांधाने फिरा, कारण बरीच फुलं मकरंद सकाळी देतात. वहीत तीन गोष्टी लिहा: काय फुललंय, किती आहे, आणि दोन मिनिटं उभं राहिल्यावर त्यावर किती मधमाश्या दिसल्या. तिसरा रकाना नसेल तर यादी निरुपयोगी. बोगनवेल, दुहेरी पाकळ्यांचे गुलाब, पळस हे सगळं यादीत येईल आणि रकान्यात शून्य राहील. मोठ्या झाडाखाली उभं राहून कान द्या. माश्या असतील तर झाड गुणगुणतं, शेंडा बघायची गरज पडत नाही.

या दिवसांत काय सापडायला हवं? शेवगा, ज्याचा मोठा बहार फेब्रुवारी-मार्चचा. बांधावरचं गिरीपुष्प, पानं झडलेल्या फांद्यांवर गुलाबी घोस. शिंदीचा पराग. उशिरा पेरलेला रब्बी मका तुऱ्यात असेल तर त्याचाही पराग; मकरंद नाही. बी धरायला राखलेली कोथिंबीर, हिच्याइतकी माशी दुसऱ्या भाजीवर क्वचित दिसते. निर्गुडी, तुळस. आणि पाटाच्या कडेची एकदांडी, जिला कुणी फूल म्हणूनही मोजत नाही, पण ओल असेल तिथे बाराही महिने फुलते आणि दुष्काळात वसाहत जगवते. येवला, नांदगाव, सिन्नरच्या कोरड्या नाल्यांतून वेडी बाभूळ उन्हाळ्याच्या तोंडी फुलते. जमिनीसाठी ती डोकेदुखी, पण माशीसाठी आधार.

चांदवड, देवळा, सटाणा, मालेगावकडे बियाण्यासाठी राखलेल्या कांद्याचे डोंगळे फुललेले असतील. दिसायला तो मोठा चारा, पण दोन अडचणी आहेत. कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असतं, त्यामुळे शेजारी दुसरं फूल मिळालं की माशी कांदा सोडते. दुसरी अडचण फुलकिड्यांवरच्या फवारणीची. डाळिंबाच्या या दिवसांतल्या बहाराचं (आंबे बहार) तसंच: पराग मिळतो, धोकाही मिळतो.

फेरीनंतर वहीत माश्या दिसलेली तीनपेक्षा कमी प्रकारची फुलं असतील तर कारण सापडलं, पुढच्या तपासण्या फक्त खात्रीसाठी. सहा-सात असतील आणि तरी पेटी घसरत असेल तर दोष चाऱ्यात नाही, पेटीच्या आत आहे.

पाचवी: फवारणीची चौकशी

शेजाऱ्यांना विचारा: काय मारलं, कधी, किती वाजता. भांडायला जाऊ नका, वेळ ठरवायला जा. औषध पिकावर मारलं जातं, पण वाऱ्याने बांधावरच्या एकदांडीवर जातं, आणि माशी नेमकी तिथे असते. सूर्य मावळल्यावर फवारणी झाली तर बाहेरच्या माश्या वाचतात. काही आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत भिनणारी औषधं मात्र पराग आणि मकरंदात उतरतात, तिथे संध्याकाळची वेळ पुरत नाही. पेटीचं दार एक दिवस जाळीने बंद ठेवायचं असेल तर आत पाणी, वर सावली आणि झाकणाखाली हवेला वाट हवी. नाहीतर माश्या गुदमरून मरतील.

सहावी: पेटी उघडणं

इथपर्यंत उघडायची गरज नव्हती, आणि ते मुद्दाम. उपाशी सातेरी वारंवार उघडली की लवकर पळते. एकदाच, सकाळी नऊ-दहाला, धूर अगदी कमी, पाच मिनिटांत काम उरका.

उन्हाकडे पाठ करून चौकट तिरकी धरा आणि घराच्या तळाशी अंडं शोधा. अंडं तीन दिवस राहतं, म्हणून ते दिसलं तर राणी तीन दिवसांपूर्वीपर्यंत नक्की होती. राणी शोधत बसू नका. अळ्या खाद्यात तरंगताहेत का बघा. मधाच्या आणि परागाच्या घरांचा अंदाज घ्या. माश्या झाकत नाहीत अशी जुनी काळी पोळी काढून टाका, मेणकिडा तिथेच जाळी धरतो. चार चौकटींच्या माश्यांना आठ चौकटींचं घर दिलं तर राखण होत नाही; मध्ये फळी घालून जागा कमी करा.

थांबा, इथून पुढे तुमचं काम नाही

अळी घरात पाठीवर ताठ, डोकं वर उचललेलं आणि चिमट्याने काढल्यावर पाण्याच्या पिशवीसारखी लोंबत असेल, तर तो थाई सॅकब्रूड विषाणू असू शकतो. १९९१-९२ मध्ये याच रोगाने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर संपवल्या. यावर औषध नाही. चौकटी दुसऱ्या पेटीत घालू नका, अवजारं धुवा, पेटी हलवू नका, आणि कृषी विज्ञान केंद्राच्या किंवा अनुभवी मधपाळाच्या कानावर घाला. जिल्ह्यात नाशिक आणि मालेगाव इथे कृषी विज्ञान केंद्रं आहेत. पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून याच विषयात काम करते. आंबट किंवा कुजका वास, पिवळ्या-तपकिरी वितळलेल्या अळ्या, दारासमोर अचानक शेकडो मेलेल्या माश्या, यांनाही हाच नियम. अंदाजाने प्रतिजैविक देऊ नका.

फेरीत आग्या मोहोळ दिसलं तर लांबून निघून या, त्यावर प्रयोग नको. डंख कुठलाही असो, श्वास लागला, ओठ-जीभ सुजली, अंगभर गांधी उठल्या तर घरगुती उपाय न करता तडक दवाखाना.

उपाय: पाक, पण आंधळेपणाने नाही

मध संपला असेल तरच पाक. एक किलो साखर, एक लिटर पाणी. पाणी उकळून विस्तवावरून उतरवा, मग साखर विरघळवा, पूर्ण गार करा. चार-पाच चौकटींच्या वसाहतीला एक दिवसाआड २०० मिली, सूर्यास्तानंतर, पेटीच्या आत, वाटीत काड्या टाकून. दिवसा दिला किंवा बाहेर सांडला तर शेजारच्या वसाहती लुटायला येतात आणि अशक्त पेटी एका दिवसात संपते. गूळ नको, माश्यांना हगवण लागते. बाजारचा मध नको, त्यातून रोग येतो.

मध आहे पण पराग नाही, अशा वेळी पाक दिला तर उलटं होतं. पाकाने राणी अंडी वाढवते, अळ्या वाढतात, आणि त्यांना घालायला परागच नसतो. तेव्हा चरबी काढलेल्या सोयापिठात पिठीसाखर मिसळा, थोड्या पाकाने घट्ट मळा, ५० ग्रॅमची चपटी वडी चौकटींच्या माथ्यावर ठेवा. सातेरी ती नाखुशीने घेते. चार दिवसांत न खाल्लेली काढून टाका, बुरशी धरते. कडुनिंब फुलला की पाक बंद, नाहीतर मधात साखर येईल.

दाराला राणी-जाळी (राणीला बाहेर पडू न देणारी जाळी) लावणं हा फक्त चार-सहा दिवसांचा वेळकाढूपणा आहे. भूक तशीच राहते, आणि नर माश्या जाळीत अडकून दार तुंबतं.

पेटी हलवणं

पंधरवड्यात फुलोऱ्याची आशा नसेल तर हलवा. नियम साधा: तीन फुटांच्या आत किंवा तीन किलोमीटरच्या पुढे. मधल्या अंतरावर नेली तर माश्या जुन्या जागी परत जातात. रात्री दार जाळीने बंद करा, चौकटी हलणार नाहीत अशा आवळा, आणि पोळी वाहनाच्या लांबीच्या दिशेत ठेवा, म्हणजे ब्रेक लागल्यावर ती एकमेकांवर आपटत नाहीत. जागा निवडताना करंज, जांभूळ, धायटी जवळ असलेला पश्चिमेकडचा उतार बघा. वनजमीन असेल तर वनखात्याची परवानगी आधी घ्या. त्या डोंगराला वणवा लागला आहे का तेही नेण्याआधी डोळ्यांनी पाहून या.

पुढच्या वर्षीसाठी

खंड चार आठवड्यांचा आहे, म्हणून लागवडही नेमक्या त्या चार आठवड्यांसाठी करा. डिसेंबरमध्ये पेरलेली मोहरी खंडाआधीच फुलून जाते आणि उपयोगी पडत नाही. मोहरी १५ जानेवारीच्या सुमारास टाकली तर ४० दिवसांनी, म्हणजे फेब्रुवारीअखेर फुलते. धने १ ते १० जानेवारीत, दोन हप्त्यांत. सूर्यफूल जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे मार्चच्या सुरुवातीला पराग. दोन-तीन गुंठ्यांच्या पट्ट्या पुरतात, पाणी मात्र वेळेवर हवं.

झाडांत गिरीपुष्प सगळ्यात स्वस्त. पावसाळ्याच्या तोंडी मनगटाएवढ्या जाड, चार-पाच फुटांच्या फांद्या बांधावर रोवायच्या. त्याचा फुलोरा जुन्या, पानगळ झालेल्या फांद्यांवर येतो. हिरवळीच्या खतासाठी नोव्हेंबर-डिसेंबरात छाटलं तर त्या वर्षी एक फूल मिळत नाही, आणि बहुतेक बांधांवर नेमकं तेव्हाच छाटलं जातं. छाटणी जुलै-ऑगस्टमध्ये उरका, नंतर कोयता लावू नका. करंज आणि कडुनिंब रोपापासून फुलायला चार-पाच वर्षं घेतात, तोवर शेवगा. पाटाच्या कडेला मात्र तणनाशक मारू नका. एकदांडीला तेवढी जागा सोडली तरी पुरते.

वहीत या वर्षीच्या तीन तारखा टाकून ठेवा: मोहोर कधी गळला, परागाचे गोळे पाचाखाली कधी गेले, आणि करंज कधी गुणगुणायला लागला. पहिल्या आणि तिसऱ्या तारखेमधले दिवस मोजले की पुढच्या जानेवारीत धने कोणत्या आठवड्यात पेरायचे ते ठरतं.